बटण दाबल्यावर काय होतं : प्रस्तावना

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या संगणकावर एक्सेलची एक खास फाइल असते. तिच्या नावात ‘शापोआ’ (म्हणजे शालेय पोषण आहार) असतं, ‘निकाल’ असतं, नाहीतर ‘वेतन’ असतं. उघडली की पहिलं पान रंगीत दिसतं. वर शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक, केंद्र आणि तालुका. खाली चौकोनांच्या रांगा: विद्यार्थी यादी, आजची हजेरी, तांदूळ शिल्लक, मासिक प्रपत्र, छपाई. एका चौकोनावर क्लिक केलं की त्या पानावर जाता येतं, दुसऱ्यावर केलं की महिन्याचा हिशेब जुळून कागद प्रिंटरमधून बाहेर येतो. शिक्षक या फाइलला ‘सॉफ्टवेअर’ म्हणतात. ती कुण्या कंपनीने केलेली नसते. कुठल्यातरी तालुक्यातल्या शिक्षकाने शाळा सुटल्यावर घरी बसून, आपल्याच कामाचा भार हलका व्हावा म्हणून ती केलेली असते, आणि व्हॉट्सॲपवरून ती दहा तालुके फिरते. अशा फाइलींवर महाराष्ट्रातलं केवढं तरी शालेय कामकाज चाललं आहे. या कारागिरीविषयी मराठीत पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. हे पुस्तक त्या खंतीतून आलं आहे.

पुस्तकाचा विषय तसा अरुंद आहे. एक्सेलमध्ये सूत्रं कशी लिहावीत हे इथे शिकवलेलं नाही. त्यासाठी पुस्तकं आहेत, वर्ग आहेत. इथे प्रश्न एवढाच आहे की लिहून ठेवलेलं काम, म्हणजे मॅक्रो, कसं हाक मारून बोलवायचं. शीटवरच्या लिंकवर क्लिक करून? शीटवर काढलेल्या चौकोनावरून? की एक्सेलच्या वरच्या पट्टीत आपलं स्वतःचं बटण बसवून? आणि तो मॅक्रो त्याच फाइलमध्ये ठेवायचा, की ॲड-इन म्हणून वेगळा? प्रश्न लहान वाटतात. पण तांदळाचा साठा जुळतो की नाही, हे अनेकदा यांच्याच उत्तरावर ठरतं.

मी जिथून हे लिहितो आहे ते केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातलं, राजूरहून भोकरदनकडे जाताना पूर्णेच्या काठी लागणारं गाव. कापूस, मका, सोयाबीन हा इथला हंगाम. अशा गावात रोज किती प्रकारच्या नोंदी होतात याचा विचार करून पाहा. शाळेत हजेरी आणि पोषण आहार. ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३, त्यातला ८ म्हणजे कर आकारणी, ९ म्हणजे कर मागणी. तलाठ्याकडे अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या: नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, बँक खातं, आयएफएससी. कृषी सेवा केंद्रात खत-बियाण्याचा साठा, दूध संकलनावर फॅट आणि लिटर. यातलं बरंच काम आता शासनाच्या संकेतस्थळांवर गेलं आहे. २०११ साली संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि चालक पोचले, पुढे आपले सरकार सेवा केंद्रं आली, २०२० पासून ई-ग्रामस्वराज आहे. तरी संकेतस्थळावर माहिती भरण्याआधी ती कुठेतरी गोळा करावी लागते, तपासावी लागते, वरून एखादा तक्ता ‘आज दुपारपर्यंत’ मागितला तर तो काढून द्यावा लागतो. ती जागा एक्सेलची आहे. सर्व्हर बंद असताना तर ती एकट्या एक्सेलचीच असते.

एक्सेल गावापर्यंत आलं ते मोठ्या प्रमाणात एमएस-सीआयटीमुळे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने नोकरीच्या निमित्ताने का होईना, लाखो मराठी मुलामुलींचा हात माऊसवर ठेवला. शिक्षकांना मात्र खरी गरज भासली ती २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यावर. प्रत्येक मुलाचं प्रत्येक विषयात आकारिक आणि संकलित मूल्यमापन, त्यांची बेरीज, ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२ अशा श्रेणी, आणि वर वर्णनात्मक नोंदी. चाळीस मुलांच्या वर्गाचं हे काम हाताने करायचं म्हणजे सत्राचा शेवट त्यातच जातो. तेव्हा ज्यांना थोडंफार जमत होतं त्यांनी शीटला शीट जोडली, मग छपाईसाठी मॅक्रो रेकॉर्ड केला, मग तो मॅक्रो एका चौकोनाला लावला. कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याची फाइल उघडून, आत काय आहे ते पाहून, मोडून, परत जोडून हे लोक शिकले.

हाक मारून काम करवण्याची कल्पना जुनी आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिजिकॅल्क आणलं, त्यात मॅक्रो नव्हते. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये ते आले: कळा दाबायचा क्रम एका सेलमध्ये लिहून ठेवायचा आणि आल्टसोबत एक अक्षर दाबलं की तो क्रम आपोआप चालायचा. एक्सेलमध्ये १९९३ साली व्हीबीए आली आणि क्रमाच्या जागी खरीखुरी भाषा मिळाली. आज गावोगावच्या फाइलींमध्ये आहे ती हीच व्हीबीए.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शिक्षकांच्या या फाइलींमध्ये माहिती आणि मॅक्रो एकाच पोटात असतात, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. समजा एका फाइलच्या मासिक प्रपत्रात चूक आहे. ३१ तारखेचा रकाना बेरजेत धरलाच जात नाही. करणाऱ्याच्या ती लक्षात आली आणि त्याने दुरुस्त फाइल पाठवली. पण तोवर शंभर शाळांनी जुन्या फाइलमध्ये सहा महिन्यांची हजेरी भरलेली आहे. नवी घ्यायची तर सगळं पुन्हा भरा, जुनी ठेवायची तर चूक सांभाळा. म्हणून या पुस्तकाचा आग्रह आहे की मॅक्रो ॲड-इनमध्ये ठेवावेत. दुकानदार पोत्यागणिक वजनकाटा शिवत नाही. काटा एकच असतो आणि पोती त्याच्यावर येतात. ॲड-इन ही अशी फाइल आहे की जिची शीट दिसत नाहीत, जी एक्सेल सुरू होताना मागे उघडते, आणि जिचे मॅक्रो समोर असलेल्या कोणत्याही फाइलवर चालतात. चूक सापडली तर ती एक फाइल बदलायची. शाळेची माहिती साध्या, मॅक्रो नसलेल्या फाइलमध्ये राहते, ती कुणालाही निर्धास्त पाठवता येते.

पण ॲड-इन केला की नव्याने करणारे तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं, आल्ट आणि एफ-८ दाबल्यावर मॅक्रोंची जी यादी येते तीत ॲड-इनमधले मॅक्रो दिसतच नाहीत. नाव पाठ असेल तर टाइप करून चालवता येतात, पण यादीत नाहीत म्हणून लोकांना वाटतं की ॲड-इन बसलाच नाही. दुसरं, मॅक्रोमध्ये ‘धिस वर्कबुक’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मॅक्रो ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल, म्हणजे स्वतः ॲड-इन. वापरणाऱ्यासमोरची फाइल हवी असेल तर ‘ॲक्टिव्ह वर्कबुक’. आधी दोन्ही एकच होते म्हणून फरक पडत नव्हता. मॅक्रो ॲड-इनमध्ये हलवला की तो हजेरी लपलेल्या शीटमध्ये लिहायला लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला बटण मेलेलं वाटतं, कारण समोर काहीच होत नाही. तिसरं ठिकाण पत्त्याचं. शीटवरच्या चौकोनाला ॲड-इनमधला मॅक्रो लावला, की ॲड-इन ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण पत्ता त्या चौकोनात बसतो. माझ्या संगणकावर तो माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये आहे, तुमच्या संगणकावर तुमच्या नावाच्या. फाइल पाठवली, चौकोन दाबला, आणि ‘फाइल सापडत नाही’. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये टूलबारच्या बटणांचंही हेच व्हायचं. ॲड-इन काढून टाकला तरी टूलबार वापरणाऱ्याच्या संगणकावर राहायचा आणि दाबलं की जुन्या पत्त्यावर शोधत बसायचा.

यावरचा उपाय २००७ च्या एक्सेलबरोबर आला, तोही बऱ्याच जणांना नको असलेल्या रूपात. जुने टूलबार गेले आणि त्यांच्या जागी रिबन आली. सवय मोडल्याने लोक वैतागले, ते स्वाभाविकच होतं. पण रिबनची एक गोष्ट मोलाची आहे. ॲड-इनच्या फाइलमध्येच एक छोटा मजकूर ठेवता येतो, ज्यात लिहिलेलं असतं की ‘शाळा’ नावाची टॅब काढ, तीत ‘आजची नोंद’ असं बटण ठेव, आणि ते दाबलं की अमुक मॅक्रो चालव. बटण आणि मॅक्रो एकाच फाइलमध्ये असल्यामुळे पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. ॲड-इन बसवला की टॅब दिसते, काढला की जाते. डावीकडे वर असते ती छोटी क्विक ॲक्सेस पट्टी स्वतःपुरती छान आहे, पण तिच्यावर लावलेलं बटण सहसा त्या एकाच संगणकावर आणि त्या एकाच वापरकर्त्याकडे राहतं. दुसऱ्याला द्यायचं असेल तर रिबनच.

लिंकची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत. नियम असा की एक्सेलची लिंक मॅक्रो चालवत नाही, ती कुठेतरी नेते. पण नेताना एक खूण सोडते. ‘इन्सर्ट’मधून घातलेल्या लिंकवर क्लिक झालं की एक्सेल आतल्या आत जाहीर करतं, की या शीटवरची या सेलमधली लिंक उघडली गेली. ॲड-इनला ही घोषणा ऐकायला बसवता येतं. मग लिंक कुठेच न नेता आपल्याच सेलवर आणायची, आणि खरं काम ऐकणाऱ्या मॅक्रोने करायचं. सूत्राने केलेली लिंक, म्हणजे हायपरलिंक हे फंक्शन वापरलेली, ही घोषणा करत नाही. कित्येकांचे तास इथे जातात. तिच्यासाठी दुसरी युक्ती आहे. पत्त्याच्या जागी हॅशचं चिन्ह आणि पुढे आपल्या फंक्शनचं नाव लिहायचं. नेमकं जायचं कुठे हे ठरवण्यासाठी एक्सेल ते फंक्शन चालवून पाहतं. फंक्शनने उत्तरादाखल एखादा सेल परत द्यावा लागतो, नाहीतर ‘संदर्भ चुकीचा’ असं येतं. युक्ती चालते, पण एका क्लिकला फंक्शन एकदाच चालेल याची खात्री देता येत नाही.

एवढ्या खटपटीची गरज कुठे पडते? ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही घ्या. एका ओळीत एक मालमत्ता: क्रमांक, मालकाचं नाव, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, मागील बाकी. सहाशे ओळी. प्रत्येक ओळीसमोर ‘बिल’ असावं आणि क्लिक केलं की त्याच घराच्या मागणीचं बिल तयार व्हावं, अशी अपेक्षा असते. सहाशे चौकोन काढले तर फाइल जड होते, ओळी लपवल्या की चौकोन एकमेकांवर चढतात, आणि वॉर्डनिहाय क्रम लावला की कोणता चौकोन कुणाचा हेच कळत नाही. लिंक सेलमध्येच राहते, आणि ज्या ओळीत क्लिक झालं तो ओळक्रमांक मॅक्रोला मिळतो. इथे लिंकला तोड नाही.

मात्र लिंकने काय करावं याला मी मर्यादा घालतो, आणि ती पाळावी अशी वाचकांना विनंती आहे. लिंकवर माणूस बेफिकीरपणे क्लिक करतो. मोबाइलमुळे आपल्या सगळ्यांना सवय लागली आहे की लिंक उघडली, नको असेल तर मागे आलं. तेव्हा लिंकने न्यावं, दाखवावं, फार तर छापावं. जे मागे घेता येत नाही ते लिंकला देऊ नये. पोषण आहाराचं उदाहरण पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. पहिली ते पाचवीची ४१ मुलं जेवली तर साठ्यातून ४ किलो १०० ग्रॅम वजा व्हायचे, डाळ आणि तेल त्यांच्या प्रमाणात. हे काम लिंकला लावलं आणि क्लिक दोनदा झालं, किंवा ती हॅशची युक्ती दोनदा चालली, तर ८ किलो २०० ग्रॅम गेले. शीटवर काही तांबडं दिसत नाही. महिन्याच्या शेवटी कोठीतला तांदूळ जास्त आणि वहीतला कमी भरतो, आणि तपासणीच्या दिवशी त्याचं उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं, फाइल करणाऱ्याला नाही. त्यात आणखी एक: मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की कंट्रोल-झेडची यादी पुसली जाते. हाताने केलेली चूक मागे घेता येते, मॅक्रोने केलेली येत नाही.

म्हणून साठा बदलणारं प्रत्येक काम रिबनच्या बटणाला, आणि त्या बटणामागच्या मॅक्रोने आधी तीन गोष्टी पाहायच्या. समोर उघडलेली फाइल आपलीच आहे ना? आजच्या तारखेची नोंद आधीच झालेली नाही ना? हजेरीचा आकडा पटापेक्षा जास्त नाही ना? तिन्ही ठीक असतील तरच विचारायचं: ‘४१ मुलं, तांदूळ ४.१०० किलो. नोंद करू?’ तारीख पाहणारी ती एक ओळ माझ्या दृष्टीने सगळ्या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. ती असेल तर बटण दहा वेळा दाबलं तरी नोंद एकदाच होते. शाळेत फाइल करणारा शिक्षक बदलीवर जातो, वर्गावर असतो, निवडणुकीच्या कामाला असतो. बटण दाबणारा दुसराच कुणी असतो, आणि त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. बटण त्याच्यासाठी लिहायचं असतं.

‘नोंद करू?’ हा प्रश्न विचारायला बसलं की मराठीची अडचण समोर येते. व्हीबीएची लेखनाची खिडकी जुन्या काळची आहे, तिला देवनागरी येत नाही. तिथे ‘नोंद करू?’ चिकटवलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. अनेकांनी याच कारणाने आपल्या फाइलीतले सगळे संदेश इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत ठेवले, आणि वापरणाऱ्याने ते न वाचताच ‘ओके’ दाबायची सवय लावून घेतली. ही हार मानायचं कारण नाही. शीटच्या सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित राहते, म्हणून ॲड-इनच्या लपलेल्या शीटमध्ये सगळी वाक्यं लिहून ठेवायची आणि मॅक्रोने तिथून उचलायची. एक्सेलची नेहमीची संदेशपेटी मात्र इथेही दगा देते, तेव्हा संदेश आपल्या फॉर्मवर किंवा शीटवरच दाखवायचा. रिबनचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, त्यामुळे बटणावर ‘आजची नोंद’, ‘मागणी बिल छापा’ असं स्वच्छ मराठी येतं. आकड्यांचंही सांगायला हवं: सेलमध्ये १२५ असं देवनागरीत टाइप केलं तर एक्सेल त्याला आकडा न मानता अक्षरं मानतं, आणि बेरजेत ते येत नाही. आकडा साध्या अंकांत भरायचा आणि सेलच्या फॉरमॅटने तो देवनागरीत दाखवायचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये भरलेल्या जुन्या याद्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, नाहीतर नावाने शोधणारा कोणताही मॅक्रो रिकाम्या हाताने परततो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. १९९६ मध्ये एक्सेलचा पहिला मॅक्रो व्हायरस आला, १९९९ च्या मेलिसाने वर्डच्या मॅक्रोतून जगभरच्या ईमेल यंत्रणा अडवल्या, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. फाइल उघडल्यावर वर येणारी ती लाल पट्टी म्हणजे हेच. बरेच जण तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ‘सगळे मॅक्रो चालू’ करून टाकतात. ते करू नका. त्या संगणकावर मुलांची माहिती असते, शेतकऱ्यांचे खातेक्रमांक असतात. फाइल कुणी दिली ते माहीत असेल, तर त्या एकाच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिचा अडथळा काढावा, किंवा ॲड-इनसाठी एक विश्वासाचं फोल्डर ठरवून द्यावं. इथेही ॲड-इनचा फायदा दिसतो: परवानगी एकदा, एका फाइलला, रोज येणाऱ्या माहितीच्या फाइलींना परवानगीची गरजच नाही.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गुगल शीट्समध्ये भाषा वेगळी, ॲप्स स्क्रिप्ट. तिथे चित्राला लावलेली स्क्रिप्ट संगणकावर चालते, मोबाइलच्या ॲपवर चालत नाही, पण चेकबॉक्सवर टिक केल्यावर चालणारी मोबाइलवरही चालते. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीत वापरता येतं, आणि त्यात टूलबारच्या बटणाला मॅक्रो लावणं सोपं आहे. या दोन्हींवर शेवटी एकेक प्रकरण आहे.

पहिल्या प्रकरणात मॅक्रो नाही. तिथे संगणक बंद ठेवून कागद घ्यायचा आहे. तुमच्या कामातलं रोजचं एक काम निवडा: साठा वजा करणं, बिल काढणं, यादी वॉर्डनिहाय लावणं. बटण दाबल्यावर काय काय व्हायला हवं ते मराठीत, एकाखाली एक, वाक्यांत लिहा. मग प्रत्येक वाक्यासमोर लिहा की हे दोनदा झालं तर काय होईल. ज्या वाक्यासमोर ‘काही नाही’ असं आलं ते लिंकला देता येईल. बाकीच्यांसाठी दुसरं प्रकरण उघडा.

केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना